मूल बिघडले म्हणण्याआधी

सहामाही परीक्षेनंतर पालकसभा होते, तेव्हा आम्हा शिक्षकांच्या कानावर काही वाक्ये दरवर्षी पडतात. "टीचर, हा हल्ली उलट बोलतो." "ही दिवसभर पडून असते, कशाला हात लावत नाही." "आधी सांगावं न लागता मशिदीत जायचा, आता जुम्यालासुद्धा ढकलून पाठवावं लागतं." "मोबाईलनं वाटोळं केलं बघा." आणि या सगळ्यांचा निष्कर्ष एकच निघतो : मूल बिघडले.

यातली बरीच मुले नुसती वयात आलेली असतात. चौदाव्या-पंधराव्या वर्षी दार आपटणे, आरशासमोर तास घालवणे, आईवडिलांपेक्षा दोस्तांचे जास्त ऐकणे हे चालायचेच. पण त्यांच्यातली काही मुले आजारी असतात आणि ते कोणाच्या ध्यानात येत नाही. कारण त्यांचा आजार ताप-खोकल्यासारखा दिसत नाही. तो उद्धटपणासारखा दिसतो, आळसासारखा दिसतो, कधी दीनपासून दूर गेल्यासारखा दिसतो. या आजाराला नैराश्य म्हणतात. बोलताना आपण डिप्रेशन म्हणतो. तो ओळखायचा कसा, एवढ्यापुरतेच या महिन्याचे सदर आहे.

आपल्या घरात असे काही नसते?

बेंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये देशात मानसिक आरोग्याचे सर्वेक्षण केले. १३ ते १७ वर्षे वयाच्या मुलांपैकी ७.३ टक्के मुलांत कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला. मुलगे आणि मुली यांच्या प्रमाणात फारसा फरक नव्हता. मोठ्या महानगरांत हाच आकडा १३.५ टक्के होता. साठ मुलांच्या वर्गाचा हिशेब मांडला तर पहिल्या आकड्याने चार मुले होतात आणि दुसऱ्याने आठ. कल्याणपासून बदलापूरपर्यंतचा आपला पट्टा मुंबई महानगराचाच भाग आहे. त्यामुळे हा प्रश्न श्रीमंतांचा किंवा दूरच्या शहरांचा आहे, असे आपल्याला म्हणता येत नाही.

विठ्ठलवाडी स्टेशनच्या आजूबाजूच्या वस्तीत आमचे बहुतेक विद्यार्थी राहतात. घर म्हणजे एक खोली, फार तर पोटमाळा. उल्हासनगरातल्या जीन्सच्या कारखान्यांतून शिवलेल्या पँटींचे गठ्ठे घरी येतात आणि आई-चाची बसून त्यांचे धागे कापतात. अब्बू पहाटेची लोकल पकडून मुंबईला जातात आणि रात्री उशिरा परततात. काहींचे अब्बू कुवेत-दुबईला असतात. व्हिडिओ कॉलवर दोन्हीकडून 'सब खैरियत' एवढेच बोलले जाते. एका खोलीत सहा माणसे म्हणजे मूल एकटे कसे असेल, असे आपल्याला वाटते. पण एवढ्या माणसांत बसूनही मूल आतून एकटे असू शकते. उलट सतत नजरेसमोर असल्यामुळेच त्याच्यातला हळूहळू होणारा बदल दिसत नाही. रोज पाहणाऱ्याला मुलाची वाढलेली उंची तरी कुठे दिसते?

एका मुलीची गोष्ट

ओळख लपवण्याइतपत तपशील बदलून एका मुलीची हकिगत सांगतो. नववीतली मुलगी. सीरतच्या जलशात नात म्हणायला पहिली उभी राहणारी. पावसाळ्याच्या सुट्ट्या-गोंधळात तिची हजेरी कमी झाली. आली तरी मागच्या बाकावर बसू लागली. तिच्या वह्या तपासल्या तर जूनच्या पानांवर तारीख, समास, शीर्षकाखाली रेघ. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नुसती तारीख. नंतर कोरी पाने. घरी विचारले तर कळले की रोज सकाळी पोटात दुखते. दोन डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, काही निघाले नाही. म्हणून घरच्यांनी 'शाळेचा कंटाळा' असे ठरवले.

पुढे तिने फजरला उठणे सोडले. मग मामूंनी ठरवले की ईमान कमजोर झाले. शेजारणीने नजर लागली असे सांगितले. एका आमिलने तीन वेळा पैसे घेऊन तावीज दिले आणि चौथ्या वेळी मुलीला बंद खोलीत चाळीस दिवस ठेवायला सांगितले. अब्बूंचा फोन आला : यंदा शाळा पुरे, चांगला रिश्ता बघा.

या सगळ्यांत नीट पाहिले ते तिच्या दादीने. मुलगी केसांना तेल लावू देत नाही, दोन-दोन दिवस वेणी घालत नाही, आवडीची खिचडी-कढी समोर ठेवली तरी दोन घास घेऊन उठते, आणि मांजरीचे पिल्लू अंगावर चढले तरी त्याच्याकडे बघत नाही, हे दादीने टिपले. ती आमच्याशी बोलताना म्हणाली, "ही रुसलेली नाही बेटा. रुसलेलं मूल मनवलं की मानतं. ही विझलीय."

तिला सरकारी रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञांकडे नेले. निदान नैराश्याचे झाले. समुपदेशन झाले, औषधे चालली, सहा-आठ महिने गेले. त्यात चांगले आठवडे आले, वाईट आठवडेही आले. आज ती शाळेत आहे. पहिल्यासारखी बडबडी झालेली नाही, पण वहीत तारीख आणि रेघ परत आली आहे. दादीने पाहिले नसते तर तिचे काय झाले असते याचा विचार करायलाही आम्हाला भीती वाटते.

दोन आठवडे लक्ष ठेवा

डॉक्टर नैराश्य म्हणतात तेव्हा एखाद्या दिवसाचा मूड त्यांच्या मनात नसतो. बदल किमान दोन आठवडे टिकलेला असावा, जवळजवळ रोज असावा, दिवसाचा बराच वेळ असावा, आणि त्यामुळे शाळा, घर, दोस्ती यांत अडथळा येत असावा, अशी ती कसोटी आहे. आईवडिलांनी निदान करायचे नाही, ते डॉक्टरांचे काम आहे. आपण फक्त बदल टिपायचा. कोणते बदल?

चिडचिड. मोठी माणसे नैराश्यात उदास दिसतात, रडतात. किशोरवयीन मुले पुष्कळदा तशी दिसत नाहीत. ती भडकतात. छोट्या भावाने पेन घेतले म्हणून ताट फेकतात. मुलग्यांच्या बाबतीत तर उदासी ओळखूच येत नाही, कारण 'मर्द रडत नाही' हे आपण त्याला लहानपणापासून ऐकवलेले असते. मग त्याचे दुःख रागातून बाहेर पडते.

आवड संपणे. रविवारी मैदानावर क्रिकेट खेळणारा मुलगा बॅट कोपऱ्यात ठेवून देतो. ईदच्या चाँदरातीला गल्लीभर मेहंदी काढणारी मुलगी कोन हातात घेत नाही. इथे एक साधी परीक्षा आहे. मूल आपल्यावर फुगलेले असेल पण दोस्त आले की हसत असेल, तर ते बहुधा वयाचे लक्षण. दोस्तांतही मन लागत नसेल, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, तर काळजीचे.

झोप आणि भूक. या वयात झोपेचे घड्याळ निसर्गतःच थोडे पुढे सरकते, त्यामुळे रात्री उशिरा झोपणे हे एकटे लक्षण धरू नये. पण रात्रभर टक्क जागे राहणे, पहाटे दचकून उठणे, किंवा दहा-बारा तास झोपूनही थकलेले असणे याकडे बघा. तसेच जेवण एकदम तुटणे किंवा एकदम वाढणे. रमजानमध्ये मात्र विशेष सावध असावे. त्या महिन्यात सगळ्यांचीच झोप आणि जेवण बदलते, आणि न जेवणारे मूल रोज्याच्या आड दिसेनासे होते. इफ्तारलाही ते पाणी-खजुरावर उठत असेल, ईदनंतरही वेळापत्रक रुळावर येत नसेल, तर ध्यानात घ्या. २०२५ मध्ये दहावीची परीक्षा चालू असतानाच रमजान आला होता. अशा वर्षी मुलांवर ताण दुप्पट असतो.

शरीराच्या तक्रारी. डोके दुखते, पोट दुखते, छाती भरल्यासारखी वाटते. मूल खोटे बोलत नसते. दुखणे खरे असते, त्याचे मूळ मनात असते. अर्थात आधी शरीराची तपासणी करावीच. थायरॉइडचे बिघाड आणि रक्त कमी असणे यांनीही मूल असेच थकलेले, निरुत्साही दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला होता. म्हणून हिमोग्लोबिन तपासून घ्या. पण रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे मूल नाटक करते, असा अर्थ काढू नका.

अभ्यास. गुण घसरणे सगळ्यांना दिसते, पण ते उशिरा दिसते. त्याआधी वही बोलते. महिन्यातून एकदा मुलाची वही जूनपासून चालू महिन्यापर्यंत उलटून पाहा. अक्षर कुठे बदलले, काम कुठे थांबले, याची तारीख तुम्हाला तिथे सापडेल. त्या सुमारास घरात, गल्लीत, शाळेत काय घडले होते ते आठवा. कधी कोणाचा इंतकाल झालेला असतो, कधी आईवडिलांत वाद चाललेला असतो, कधी वर्गात कोणी छळत असते, कधी मोबाईलवर कोणी धमकावत असते. आणि कधी काहीच कारण सापडत नाही. कारण सापडले नाही तरी आजार असू शकतो.

स्वतःविषयीचे बोलणे. "माझ्याने काही होणार नाही." "मी तुमच्यावर ओझे आहे." "मी नसते तर बरे झाले असते." हे वाक्य एकदा ऐकले तरी पुरे, दोन आठवडे थांबू नका. तसेच आवडत्या वस्तू वाटून टाकणे, सगळ्यांची अचानक माफी मागणे, अंगावर स्वतः केलेल्या जखमांच्या खुणा. आपल्या मुलींच्या अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे असतात, त्यामुळे या खुणा झाकल्या जातात. आईने मायेने, संशयाने नव्हे, लक्ष ठेवावे.

नमाज सुटली तर

आपल्या घरांत सर्वांत जास्त गैरसमज इथे होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

नैराश्यात असलेल्या मुलाला दात घासायला उठणेही डोंगराएवढे वाटते. लक्ष एका जागी ठरत नाही. अशा मुलाची फजर सुटते, तिलावत थांबते. आपण ते पाहतो आणि म्हणतो, नमाज सोडली म्हणून मन अस्वस्थ झाले. अनेकदा क्रम उलटा असतो : मन आजारी पडले म्हणून नमाज सुटली. पाय मोडलेल्या माणसाला आपण उभे राहून नमाज पढण्याची सक्ती करत नाही, शरीअतनेच त्याला बसून पढण्याची सवलत दिली आहे. मनाचा आजार डोळ्यांना दिसत नाही एवढाच फरक.

त्यात 'मायूसी कुफ्र आहे' हे वाक्य आपण मुलाच्या तोंडावर फेकतो. अल्लाहच्या रहमतीपासून निराश होऊ नका, ही कुरआनची शिकवण माणसाला धीर देण्यासाठी आहे. आजारी मुलाला आपण ती आरोप म्हणून ऐकवतो. स्वतःला अपराधी समजणे हे तर या आजाराचेच एक लक्षण आहे. आधीच अपराधी समजणाऱ्या मुलाला आपण सांगतो की अल्लाहही तुझ्यावर नाराज आहे. मग ते कोणाकडे जाईल?

सूरह यूसुफ आपण सर्वांनी ऐकली आहे. यूसुफ (अ.) यांच्या विरहात त्यांचे वडील ह. याकूब (अ.) इतके दुःखी झाले की त्यांचे डोळे पांढरे पडले. ते अल्लाहचे पैगंबर होते. त्यांच्या ईमानावर कोण बोट ठेवेल? प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या पत्नी ह. खदीजा (र.) आणि चुलते अबू तालिब एकाच वर्षी गेले, त्या वर्षाला सीरतकारांनी दुःखाचे वर्ष असेच नाव दिले. दुःख होणे म्हणजे ईमान नसणे, असे आपल्या दीनमध्ये कुठेच नाही.

आणि मुलांच्या दुःखाकडे कसे पाहावे, याचा धडाही सीरतमध्येच आहे. ह. उम्मे सुलैम (र.) यांच्या घरी प्रेषित (स.) जात असत. त्यांचा छोटा मुलगा अबू उमैर याच्याकडे एक लहानसा पक्षी होता, तो त्याच्याशी खेळत असे. एके दिवशी प्रेषितांना (स.) मूल उदास दिसले. त्यांनी घरच्यांना विचारले की याला काय झाले. पक्षी मेला असे कळल्यावर त्यांनी त्या मुलाला हाक मारून त्याच्या पक्ष्याची चौकशी केली. एवढीच ती घटना, पण तिच्यात तीन गोष्टी आहेत. मुलाचा चेहरा उतरलेला त्यांना दिसला. त्यांनी कारण विचारले. आणि 'एका पक्ष्यासाठी कोणी रडते का' असे ते म्हणाले नाहीत. उंमतची सारी जबाबदारी ज्यांच्या खांद्यावर होती, त्यांना एका लहान मुलाचे दुःख क्षुल्लक वाटले नाही.

दुआही, दवाही

प्रत्येक आजारावर अल्लाहने उपाय ठेवला आहे आणि उपचार करून घ्यावा, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. त्यात शरीर आणि मन असा भेद नाही. अकराशे वर्षांपूर्वी बल्खचे विद्वान अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर एक ग्रंथ लिहिला. दुःखाचे त्यांनी दोन प्रकार सांगितले : एक, ज्याचे कारण माहीत असते, दुसरे, ज्याचे कारण सापडत नाही. आजचे डॉक्टर जे सांगतात त्याच्या हे किती जवळ आहे! मनाचे उपचार ही परक्यांची गोष्ट आहे असे मानणाऱ्यांनी आपलाच वारसा उघडून पाहावा.

दुआ करा, कुरआन पढून दम करा, सदका द्या. यांपैकी कशालाच आमची हरकत असण्याचे कारण नाही. पण दुआच्या नावाखाली जे मुलाला उपाशी ठेवतात, मारतात, कोंडतात, डॉक्टरांची औषधे बंद करायला सांगतात, त्यांच्या दारात जाऊ नका. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आणि एरवाडी विसरू नका. तामिळनाडूतल्या या गावी दर्ग्याच्या आसऱ्याने मनोरुग्णांची खासगी निवासे चालत. ६ ऑगस्ट २००१ रोजी त्यांतल्या एका निवासाला आग लागली. रुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते. २८ जण गेले. त्यांच्या घरच्यांनी त्यांना वाईट हेतूने तिथे नेले नव्हते, शिफा मिळेल या आशेनेच नेले होते.

दुसरे उदाहरण आशेचे आहे. गुजरातेत उनावा येथे मीरा दातार यांचा दर्गा आहे. महाराष्ट्रातूनही पुष्कळ कुटुंबे तिथे जातात. तिथे 'दवा और दुआ' नावाचा उपक्रम झाला. दर्ग्याच्या मुजावरांनाच मनाच्या आजाराची लक्षणे शिकवली गेली, आणि दुआसाठी आलेल्या माणसाला त्यांनीच तिथल्या डॉक्टरांकडे पाठवावे अशी व्यवस्था केली गेली. मुजावर जर हे करू शकतात, तर आपल्या मोहल्ल्यातले इमामसाहेबही करू शकतात. जुम्याच्या बयानात वर्षातून एकदा या विषयावर दहा मिनिटे बोलले गेले, तर किती घरांची शरम कमी होईल!

राहिला लग्नाचा तोडगा. आजारी मुलीचे लग्न हा उपचार नाही. तिचे ओझे दुसऱ्या घरात हलवणे आहे. अठरा वर्षांआधी तर तो कायद्याने गुन्हाच आहे. आणि 'रिश्ता कसा येईल' या भीतीने उपचार लांबवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. उपचार घेऊन बरी झालेली मुलगी लपवण्यासारखी नाही. उपचाराविना कोमेजलेली मुलगी मात्र फार काळ लपत नाही.

बोलायचे कसे

'काय कमी आहे तुला?' या प्रश्नाने सुरुवात करू नका. मुलाकडे त्याचे उत्तर नसते, आणि ते नाशुक्र ठरते. जे दिसले तेवढेच सांगा : "बेटा, गेले काही दिवस तू नीट जेवत नाहीस, खेळायलाही जात नाहीस. मला काळजी वाटते. सांगशील? मी रागावणार नाही." मग गप्प बसा. हे गप्प बसणेच आपल्याला सर्वांत कठीण जाते. मूल दोन वाक्ये बोलते न बोलते तोच आपण नसीहत सुरू करतो, आमच्या वेळी कसे होते ते सांगतो, चाचाच्या मुलाचे गुण सांगतो.

एका खोलीच्या घरात एकांत कुठून आणायचा? भाजी आणायला सोबत न्या. स्टेशनच्या पुलावरून चालत जा. स्कूटरवर मागे बसवा. समोरासमोर बसून बोलण्यापेक्षा शेजारी चालताना मुले लवकर मोकळी होतात. आईशी बोलत नसेल तर खाला, फुफी, दादी, मोठा भाऊ, एखादे शिक्षक, ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे अशा एकाला बोलू द्या. अब्बू परदेशी असतील तर त्यांनी आठवड्यातून एक कॉल फक्त त्या मुलासाठी ठेवावा, अभ्यासाची चौकशी वगळून.

मूल मरणाची भाषा बोलत असेल तर सरळ विचारा : "जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्या क्षणी हराम-हलालचा पाठ देऊ नका, जवळ घ्या. मुलाला एकटे सोडू नका, घरातली औषधे आणि घातक वस्तू कुलपात ठेवा, आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या. काही घडलेच तर १०८ ला फोन करा. पोलिसांच्या भीतीने लपवू नका. २०१७ च्या त्याच कायद्यानुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षेऐवजी मदत देणे सरकारचे कर्तव्य ठरते.

जायचे कुठे

पहिली मदत फोनवर आहे. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत आणि हिंदीत बोलता येते. मूल तयार नसेल तर आईवडिलांनीच फोन करून काय करावे ते विचारावे.

प्रत्यक्ष दाखवायचे तर उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय किंवा कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय आपल्याला जवळ आहे. केसपेपरच्या खिडकीवर दोन गोष्टी विचारा : मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते, आणि किशोरवयीन मुलांसाठी 'मैत्री' क्लिनिक आहे का. तिथे सोय नसेल तर ती कुठे आहे हेही तिथेच कळेल. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालचे आहे. त्याच्या नावाला दचकू नका. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात दाखवून माणसे त्याच दिवशी घरी परततात. ठाण्यातच डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आय.पी.एच. ही संस्था आहे.

मानसोपचार तज्ज्ञ हे औषध देणारे डॉक्टर असतात, समुपदेशक बोलण्यातून उपचार करतात. सौम्य नैराश्यात बोलण्याचा उपचार पुरतो, जास्त असेल तर औषधही लागते. औषधाचा गुण यायला काही आठवडे जातात, तोवर धीर धरा. सुरुवातीच्या आठवड्यांत मुलावर जास्त लक्ष ठेवा आणि काही वेगळे दिसले तर डॉक्टरांना लगेच कळवा. बरे वाटले म्हणून स्वतःच्या मनाने औषध बंद करू नका. नैराश्यावरच्या या गोळ्यांची नशेसारखी सवय लागत नाही, मात्र त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच कमी करायच्या असतात.

शाळेलाही विचारा. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत प्रशिक्षित समुपदेशक असावा आणि मदतीचे क्रमांक ठळक लावावेत असे निर्देश दिले आहेत. पुढच्या पालकसभेत गुणांच्या आधी हा प्रश्न विचारा : आमच्या शाळेत समुपदेशक कोण, आणि कोणत्या दिवशी भेटतात? दहा पालकांनी विचारले तर शाळेला उत्तर द्यावेच लागेल.

या महिन्यात एवढेच करून पाहा. तुमच्या मुलाची एक वही उघडा, त्याच्या ताटाकडे पाहा, आणि एके संध्याकाळी त्याला सोबत घेऊन भाजी आणायला जा. बहुतेक घरांत सगळे ठीकच निघेल, इन्शाअल्लाह, आणि तेवढा वेळ सोबत गेल्याचा आनंद पदरी पडेल. ज्या घरात ठीक नसेल, तिथे अल्लाह आईवडिलांना पाहण्याची नजर आणि हात धरून डॉक्टरांपर्यंत नेण्याची हिंमत देवो. आमीन.